पेरणीआधीचे ते दहा दिवस

यवतमाळ जिल्ह्यातला एक कास्तकार डोळ्यांसमोर आणा. वय तिशीच्या आसपास, पाच एकर कोरडवाहू. माणूस काल्पनिक आहे, पण गोष्ट कुणाला फारशी अनोळखी वाटणार नाही. सोयाबीन सवंगणीला आलं आहे आणि हा तीन आठवड्यांपासून खाटेवर पडून आहे. आंघोळ नाही, घास उतरत नाही, कुणाशी बोलणं नाही. ‘माह्याच्यानं आता काई होत नायी’ एवढंच म्हणतो. बायको आणि थोरला भाऊ त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचार ओपीडीत आणतात. कारण गावात सगळ्यांना पाठ आहे: कर्ज.

डॉक्टर ऐकून घेतात आणि मग उलटाच प्रश्न टाकतात. “याच्याआधी कधी असं झालं होतं का, की झोप नाही तरी अंगात दुप्पट ताकद, बोलणं थांबत नाही, डोक्यात एकामागून एक बेत?”

तो मान हलवतो, नाही. बायको जरा थांबते. “मिरगाच्या आधी हे दहा दिस झोपलेच नायी सायेब. रातभर वावरात. जुन्या ट्रॅक्टरचा इसार देऊन आले, घरी पैसा नसताना. कोनी बोललं तं अंगावर धावत. मले वाटलं, चला, यंदा मानूस कामाले लागला.”

या पाच वाक्यांनी निदानाची दिशा फिरते. नुसतं नैराश्य असतं तर औषध एक, आणि बायपोलर असेल तर औषध दुसरं.

बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय विकार, मूड कधी उन्मादाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणारा आजार. तो ओळखायला रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटोही नाही. एमआरआय काढायला नागपूरला जाऊन पैसे खर्च करून आलेल्यांना हे पटायला जड जातं. निदान होतं ते माणसाच्या गेल्या काही महिन्यांच्या, कधी काही वर्षांच्या कहाणीवरून. आज तो कसा दिसतो हे त्या कहाणीतलं फक्त शेवटचं पान.

ही पद्धत जुनी आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन रुग्णांच्या नोंदी कार्डांवर ठेवत. एका दिवसाची लक्षणं नव्हे, आजार वर्षानुवर्षं कसा चालतो हे पाहून त्यांनी १८९९ साली उन्माद आणि नैराश्य एकाच आजारात बसवले. पुढे १९५७ मध्ये कार्ल लिओनहार्ड यांनी नुसतं नैराश्य येणारे आणि दोन्ही टोकं गाठणारे रुग्ण वेगळे केले. ‘बायपोलर’ या नावाची कल्पना तिथली.

आजचे डॉक्टर ज्या निकषांवर चालतात त्यांत दिवस मोजलेले आहेत. मूड चढलेला किंवा चिडका, आणि त्यासोबत अंगातली ऊर्जा वाढलेली, असं किमान एक आठवडा, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ. सोबत सातपैकी तीन खुणा: स्वतःबद्दल अवास्तव मोठेपणा, झोपेची गरज घटणं, अखंड बडबड, विचारांची धावाधाव, लक्ष भरकटणं, कामांचा किंवा अस्वस्थ हालचालींचा सपाटा, आणि पुढचा विचार न करता पैसा उधळण्यासारखी धोक्याची कामं. मूड नुसताच चिडका असेल तर चार खुणा हव्यात. संसार-कामधंदा मोडण्याइतकं हे वाढलं तर तो मेनिया, म्हणजे उन्माद. माणसाला भरती करावं लागलं तर आठवड्याची अटही राहत नाही. किमान चार दिवसांचं, घरच्यांना बदल जाणवेल पण गाडं चालू राहील असं सौम्य रूप असेल तर हायपोमेनिया. नैराश्यासाठी किमान दोन आठवडे. एकदा मेनिया येऊन गेला की बायपोलरचा पहिला प्रकार, नैराश्य आलेलं असो वा नसो. हायपोमेनिया आणि नैराश्य मिळून दुसरा. सकाळी हसला आणि संध्याकाळी रुसला याला बायपोलर म्हणत नाहीत, मोबाइलवरच्या पोरापोरींनी हा शब्द कितीही स्वस्त केला असला तरी.

आपल्या कास्तकाराचे दहा दिवस कशात मोडतात? इथे इसाराचा आकडा कामी येतो. हजार रुपये दिले की बैलजोडी विकून दिले? भांडण घरातल्या घरात राहिलं की पोलीस पाटलापर्यंत गेलं? ‘लई खूश होते’ या उत्तरावर डॉक्टर थांबत नाहीत, ते असले प्रश्न विचारत बसतात.

झोपेबद्दल तर फारच खोदून विचारतात. काळजीने तळमळणारा माणूसही रात्रभर जागा असतो, पण सकाळी तो गळालेला असतो. मेनियातला माणूस दोन तास झोपून पहाटे डवरा घेऊन निघतो आणि वर म्हणतो, झोपून कोणाचं भलं झालं? त्याला झोप येत नाही असं नसतं, त्याला तिची गरजच वाटत नाही. पेरणीच्या तोंडावर सगळं गावच कमी झोपतं, म्हणून इकडे हे आणखी सहज निसटतं. बाकीच्यांची झोप पाऊस पडल्यावर भरून निघते का, हे ताडून पाहावं लागतं.

आणि कर्ज. विदर्भात हे उत्तर इतकं तयार असतं की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. कर्जाने माणूस खचतो हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण मेनियाच्या दहा दिवसांत केलेले व्यवहारही नंतर कर्ज म्हणूनच वहीत दिसतात. आधी कर्ज की आधी ते दहा दिवस, हा क्रम लावला नाही तर आजाराचा परिणाम आजाराचं कारण म्हणून केसपेपरवर चढतो.

दुसरी अडचण अंगात येण्याची. आरतीला अंगात आलं, तासाभराने उतरलं, दुसऱ्या दिवशी बाई कापूस वेचायला गेली, तर तो आजार धरत नाहीत. तिच्या भोवतालच्या लोकांना ते समजतं आणि ते ठरल्या जागी, ठरल्या वेळी होतं. देव उतरतच नाही, आठ दिवस जेवण-झोप नाही, आणि नेहमीचे भक्तही म्हणतात की हे काही वेगळंच आहे, तेव्हा डॉक्टरचे कान टवकारतात. भगताकडे नेलं म्हणून घरच्यांना झापणारा डॉक्टर मला तरी शहाणा वाटत नाही. भगताकडे कधी नेलं होतं, ही तारीखच निदानाला उपयोगी पडते.

मग शरीराची चौकशी. थायरॉइड जास्त झालं तर मेनियासारखं, कमी झालं तर नैराश्यासारखं चित्र दिसू शकतं. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही मूड चढू शकतो, त्यामुळे नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्यासुद्धा सोबत आणाव्यात. दारू, गांजा विचारला जातो. आजार बहुतेकदा विशीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणून पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उन्माद दिसला तर आधी शरीरात कारण शोधतात. रक्ताच्या नात्यात कुणाला असं होतं का, बाळंतपणानंतर काही झालं होतं का, हेही विचारतात. तेरा प्रश्नांची हो-नाही प्रश्नावलीही २००० सालापासून वापरात आहे. ती चाळणी आहे, चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? बायपोलर असलेल्याला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर काहींच्या बाबतीत मूड थेट दुसऱ्या टोकाला उसळतो. त्याला लागतं मूड स्थिर ठेवणारं औषध. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ज्याचा गुण दाखवला ते लिथियम अजूनही त्यात आघाडीवर आहे. ते सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासतात, नंतर रक्तातली पातळी मोजत राहतात. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा अंगातलं पाणी कमी होऊन ही पातळी वाढू शकते. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला हा मुद्दा वेगळा सांगावा लागेल.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार झालेला आढळला, आणि आजार चालू असलेल्या शंभरातले सुमारे सत्तर उपचाराबाहेर होते. हे सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलतात.

ओपीडीत आता डॉक्टर भावाकडे वळले आहेत. मागे कधी? दोघंही साल सांगू शकत नाहीत. “पोळ्याच्या पुढे,” भाऊ म्हणतो, “ज्या साली बोंडअळीनं सगळं खाल्लं, त्या साली. तेव्हाबी असाच नाचत होता.” डॉक्टर केसपेपरवर लिहितात: २०१७, ऑगस्ट.