आधी नाव, मग चेहरा : मुलाला गोष्टीत आणणाऱ्या ॲपांची पार्श्वभूमी

मुलाचं नाव गोष्टीत घालून पुस्तक विकायची कल्पना एआयपेक्षा बरीच जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत पालक छापील फॉर्म भरून पोस्टाने पाठवत. मुलाचं नाव, राहण्याचा रस्ता, दोस्तांची नावं, घरातलं कुत्रं किंवा मांजर. चित्रांची पानं आधीच छापून तयार असत. कॉम्प्युटर मोकळ्या जागांत मजकूर भरी. चित्रं सगळ्यांना सारखीच. इंग्रजीत एवढ्यावर निभावलं. मराठीत नायकाची नायिका झाली की ‘गेला’चं ‘गेली’ करावं लागतं, त्यामुळे नुसती जागा भरून चालत नाही.

त्याच दशकात एका अमेरिकी विद्यापीठात ‘टेल-स्पिन’ नावाचा प्रोग्रॅम स्वतः प्राणिकथा रचू लागला होता. त्याची एक फसलेली गोष्ट अजून सांगितली जाते. तहानलेली मुंगी घसरून नदीत पडते आणि पुढचं वाक्य येतं : गुरुत्वाकर्षण बुडून मेलं. कारण प्रोग्रॅमच्या हिशेबात मुंगीला खाली नेणारं गुरुत्वाकर्षणही तिच्याबरोबर नदीत गेलं होतं. मुंगीला वाचवायला पक्षी मित्र होता. गुरुत्वाकर्षणाला ना पाय, ना पंख, ना मित्र.

फॉर्म भरून घेणारे आणि गोष्ट रचणारे हे दोन्ही पंथ पुढची चाळीसहून अधिक वर्षं एकमेकांकडे न बघता चालले. २०१० नंतर डिजिटल छपाईमुळे एकेक प्रत वेगळी छापणं परवडू लागलं, तेव्हा पहिल्या पंथाने मोठी मजल मारली. वेबसाइटवर नाव टाका, कातडीचा रंग, केस, चष्मा निवडा आणि पैसे भरण्याआधीच पानं उलटून बघा. आजच्या ॲपमध्ये जे सोपं वाटतं, त्यातलं बरंचसं तिथून आलं आहे. त्याचं श्रेय सहसा एआयच्या खात्यात जमा होतं, ते अलाहिदा.

२०२२ मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या. एप्रिलमध्ये शब्दांवरून चित्र काढणारं डॅल-ई २, ऑगस्टमध्ये तसंच स्टेबल डिफ्यूजन, ३० नोव्हेंबरला मजकूर लिहिणारं चॅटजीपीटी. डिसेंबरमध्येच कुणीतरी शनिवार-रविवारात अशा साधनांनी एक चित्रपुस्तक करून विकायला ठेवलं आणि चित्रकार खवळले. त्यानंतर आलेल्या अनेक ॲपांत एक रिकामी चौकट आणि ‘तुमची गोष्ट सांगा’ एवढंच होतं. झोपेला आलेलं मूल मांडीवर असताना त्या चौकटीत काय लिहायचं हे पालकांना सुचेना. मग नायक, जागा, विषय, लांबी अशी बटणं परत आली. म्हणजे जुना फॉर्मच, जरा नटलेला.

खरा वाद पेटला तो चेहऱ्यावरून. मुलाचा फोटो मागायचा, की केस-चष्मा निवडून चित्र जुळवायचं? फोटोचा आग्रह तांत्रिक अडचणीतून आला. या ॲपांमागचं डिफ्यूजन प्रकारचं चित्रमॉडेल प्रत्येक चित्र ठिपक्यांच्या गोंधळातून नव्याने काढतं. आधीच्या पानाची आठवण त्याला नसते. दुसऱ्या पानावर दोन वेण्या घातलेली मुलगी पाचव्या पानावर बॉबकट करून हजर. वर्णन दर पानाला पुन्हा दिलं तरी नाक, वय, हनुवटी हलायचीच. ऑगस्ट २०२२ मध्ये ड्रीमबूथ ही पद्धत आली. तीन ते पाच फोटो दिले, की मॉडेलला तो चेहरा शिकवता येऊ लागला. पुढे २०२३ मध्ये एकाच संदर्भचित्रावर भागवणाऱ्या पद्धती निघाल्या आणि ‘फोटो अपलोड करा’ हे पहिल्या स्क्रीनवरचं बटण झालं.

हे बटण वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. अमेरिकेतला मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा १९९८ चा, तेरा वर्षांखालच्यांसाठी. २०१३ पासून मुलाचा फोटो आणि आवाजही त्यात वैयक्तिक माहिती धरला जातो. पण तो मुलाकडून घेतलेल्या माहितीला लागतो. पालकांनी मुलाबद्दल दिलेल्या माहितीचा प्रश्न तिथेच गुंततो. म्हणून अनेक ॲपं अटींमध्ये ‘हे ॲप पालकांसाठी आहे’ असं लिहून मोकळी होतात आणि आत मात्र बटणं मोठाली, रंग भडक, मजकूर वाचून दाखवणारा आवाज. मग वापरणारं कोण, हे सांगायला वकील लागत नाही. युरोपात आपली माहिती वापरायला मूल स्वतः संमती देऊ शकतं ते वय सोळा, देशागणिक तेरापर्यंत खाली आणता येतं. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ते अठरा. एकच ॲप सगळीकडे चालवायचं तर वयाचा प्रश्न विचारणारी स्क्रीन टाळता येत नाही, आणि तीच सगळ्यांना नको असते.

त्यात डिसेंबर २०२३ मध्ये, चित्रमॉडेलं ज्यावर शिकवली गेली अशा पाच अब्जांहून अधिक चित्रांच्या एका साठ्यात बाललैंगिक शोषणाची चित्रं सापडली. २०२४ मध्ये त्याच साठ्यात घरगुती ब्लॉगांवरून उचललेले मुलांचे खासगी फोटोही असल्याचं दिसलं. फोटो मागणाऱ्यांची बाजू तेव्हापासून पडती आहे आणि माझ्या मते ती पडतीच असावी. चार वर्षांचं पोर स्वतःला ओळखतं ते चष्म्यावरून, कुत्र्याच्या नावावरून. हुबेहूब हनुवटीचं कौतुक मोठ्यांना.

ऑगस्ट २०२५ मध्ये एका बड्या कंपनीने आपल्या चॅटबॉटमध्ये दहा पानांचं, वाचून दाखवणारं चित्रपुस्तक फुकटात दिलं. त्यात फोटोबरोबर मुलाने काढलेलं चित्रही देता येतं. त्याच वर्षी मुलांच्या खासगीपणाचे अमेरिकी नियम बदलून त्यात चेहरा, बोटांचे ठसे अशा बायोमेट्रिक खुणांची भर पडली, आणि ते पाळायला ॲपवाल्यांना मुदत मिळाली २२ एप्रिल २०२६ पर्यंतची.