तपासणाऱ्याला काढायचं कोणी? हिशेबनिसांच्या आचारसंहितेची पार्श्वभूमी

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, म्हणजे १९४९चा ३८वा कायदा, त्यावरही नेमकी हीच तारीख आहे. बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला स्थापन झालेलं. योगायोगच हा, त्यात अर्थ शोधू नये. पण आज याच विद्यापीठात बी.कॉम. करता करता दांडिया बाजारात नाहीतर अलकापुरीत एखाद्या सीएकडे (चार्टर्ड अकाउंटंटकडे) आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला, लागलेली मुलं जी आचारसंहिता घोकतात, तिचं मूळ त्या कायद्याच्या दोन परिशिष्टांत आहे. कलमांचे क्रमांक त्यांना तोंडपाठ असतात. ती कलमं कशामुळे घालावी लागली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला विचाराल तर बऱ्याचशा कलमांच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे: हिशेब तपासणाऱ्याला नेमतो कोण, आणि काढू शकतो कोण?

हा प्रश्न साहेबाने आणलेला नाही. मराठेशाहीत परगण्याचा कमाविसदार वसूल गोळा करी, पण त्याच्या कचेरीत दरकदार, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे हुद्देदार, बसलेले असत. पोतनिसाकडे रोकड, फडणिसाकडे रोजच्या नोंदी, आणि मुजुमदाराने हिशेब तपासून त्यावर खूण करायची. ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती वही नाही. आपल्या गल्लीतल्या पाट्यांवरची आडनावं वाचत गेलं तर ही सगळी कचेरी आजही हजर दिसते. खरी मेख पुढे आहे. हे दरकदार कमाविसदाराच्या कचेरीत बसत, पण त्यांना काढणं कमाविसदाराच्या हातात नव्हतं. नेमणूक वरून झालेली, आणि त्यांच्या खुणेवाचून हिशेब हुजुरात, म्हणजे वरच्या सरकारात, रुजू होत नसे. गायकवाडांच्या दौलतीतही दरकदार होते.

व्यवस्था बिघडली तीही याच गुणामुळे. दरक, म्हणजे हा हुद्दा, वंशपरंपरेने चालू लागला. बापाची खूण मुलाकडे आली, हिशेबाची अक्कल येईलच असं नव्हतं. वेतन आणि मान घराकडे, काम कुणा गुमास्त्याकडे. काढता येत नाही हे बळ होतं, पण पात्रता तपासायची सोय कुठेच नव्हती.

१८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. सोन्याच्या तोफा ओतवून घेणारा राजा म्हणून त्यांची आठवण आपल्याकडे अजून निघते. त्यांच्यानंतर आलेले दिवाण टी. माधवराव यांनी १८७५-७६ पासून राज्यकारभाराचा वार्षिक अहवाल छापायला सुरुवात केली. जमाखर्च दप्तरातून बाहेर आला, कुणालाही वाचता येईल असा झाला. पुढे सयाजीरावांच्या काळात संस्थानाचा १८९७चा कंपनी कायदा झाला आणि त्याखाली २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा उभी राहिली, दहा लाखांच्या भरणा भांडवलावर. आता पैसा राजाचाही नव्हता आणि एका सावकाराचाही नव्हता, भागधारकांचा होता. त्यांच्या वतीने वही बघणारा माणूस लागणारच होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात तोपर्यंत बराच घोळ होता. कंपन्यांचा पहिला कायदा १८५०चा. १८६६च्या कायद्यात हिशेब ठेवण्याच्या आणि तपासण्याच्या तरतुदी आल्या, पण तपासनीस (ऑडिटर) कोण असावा याला काही अटच नव्हती. ती आली १९१३च्या कायद्याने. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली आणि पाठोपाठ देशभर बँका कोसळल्या. बँक ऑफ बडोदा त्यातून तरली. सही करणारा माणूस शिकलेला हवा, हे पटवायला याहून मोठा धडा नको होता. १९१८मध्ये मुंबईत सरकारी लेखापदविका सुरू झाली. परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षं उमेदवारी करायची. आजची आर्टिकलशिप म्हणजे तीच उमेदवारी. २०२३च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली आहे. मधे १९३०पासून नोंदणीपुस्तक, १९३२मध्ये सल्लागार मंडळ, असे टप्पे झाले. पण सरकारच परीक्षा घेणार, सरकारच दाखला देणार, हे चित्र १९४९पर्यंत फारसं बदललं नाही.

इंग्लंडातला एक निकाल आपल्या पाठ्यपुस्तकांत पक्का बसलाय. १८९६च्या किंग्स्टन कापूसगिरणी खटल्यात न्यायमूर्ती लोप्स म्हणाले की तपासनीस हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. मुलांना हे वाक्य फार आवडतं, कारण त्यात जबाबदारी हलकी झाल्यासारखी वाटते. पण राखणदाराने निदान भुंकायला तरी हवं, आणि भुंकल्यावर मालकाने त्याला हाकलून दुसरा आणला तर काय, याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

ते उत्तर १९४९च्या कायद्यात सापडतं. पहिल्या परिशिष्टाच्या पहिल्या भागातलं आठवं कलम म्हणतं: आधीच्या तपासनिसाला लेखी कळवल्याशिवाय नव्याने ते काम घ्यायचं नाही. वरवर पाहता ही व्यवसायबंधूंमधली सभ्यता वाटते. तसं नाही. जुन्याने एखाद्या नोंदीवर बोट ठेवलं, मालक बिनसला, आणि शेजारच्या गल्लीतल्या तरुण सीएने चार दिवसांत गुपचूप सही केली, तर पहिल्याचा नकार फुकट जातो. पत्र पाठवलं की त्याला बदलीचं कारण सांगायची संधी मिळते. आम्ही आर्टिकल असताना आमचे सर ही पत्रं रजिस्टर एडीने पाठवत आणि पोचपावत्यांची वेगळी फाइल ठेवत. तिचं महत्त्व तेव्हा कळलं नव्हतं, पावत्या चिकटवायचा कंटाळाच यायचा. आणखी एक गैरसमज: बाजारात याला सरसकट ‘एनओसी’ (ना हरकत दाखला) म्हणतात. जुन्या तपासनिसाला परवानगी देण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार नाही. त्याने फक्त सांगायचं, ठरवायचं नव्याने.

दुसऱ्या परिशिष्टात गुपित फोडणं, न तपासता दाखला देणं, ज्या धंद्यात आपला मोठा हितसंबंध आहे त्याच्या ताळेबंदावर मत देणं, अशी जड कलमं आहेत. अशिलाचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवायचा, हेही तिथेच. राजाची खासगी आणि दौलतीचा खजिना यांची सरमिसळ पाहिलेल्या गावाला हे वेगळं समजवायला नको. या सगळ्याचं स्पष्टीकरण देणारी आचारसंहिता याच कायद्याने उभ्या राहिलेल्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने प्रथम १९६३मध्ये छापली. २००९च्या आणि २०२०पासून लागू झालेल्या आवृत्त्यांनी तिला आंतरराष्ट्रीय संहितेजवळ आणलं.

संस्थेच्या बोधचिन्हाची गोष्ट इथल्या माणसाने सांगायलाच हवी. मद्रासचे सी. एस. शास्त्री यांनी विनंती केली आणि श्रीअरविंदांनी गरुडाचं चिन्ह व कठोपनिषदातला चरण दिला: ‘य एष सुप्तेषु जागर्ति’, सगळे झोपले असता जो जागा असतो तो. हे अरविंद १८९३ ते १९०६ आपल्या बडोद्यात होते. कॉलेजात शिकवण्याआधी ते जमाबंदी आणि महसूल खात्यांत नोकरी करत होते, म्हणजे सरकारी दप्तर त्यांनी जवळून पाहिलं होतं. मराठीही ते इथेच शिकले. दांडिया बाजारातलं अरविंद निवास रोज ओलांडून ऑफिसला जाणाऱ्या किती आर्टिकलना हे ठाऊक असेल?

जानेवारी २००९मध्ये सत्यम कंपनीचे खोटे हिशेब उघडे पडले आणि जुना प्रश्न पुन्हा वर आला. २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांत एका तपासनिसाला पाच वर्षं आणि एका फर्मला दहा वर्षं अशी मर्यादा घातली. मुदतीआधी काढायचं तर विशेष ठराव, आणि त्याच्याही आधी केंद्र सरकारची मंजुरी. स्वतः राजीनामा दिला तर तीस दिवसांत कारणं लिहून दाखल करायची. २०१८मध्ये मोठ्या कंपन्यांच्या तपासनिसांवर देखरेख ठेवणारं राष्ट्रीय प्राधिकरण आलं. मुजुमदाराला काढायला हुजुराची परवानगी, हा जवळपास तोच नियम.

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) भागीदारी फर्मला मात्र यातलं काही लागू नाही. तिथला मालक एका फोनवर सीए बदलतो आणि नव्याला सांगतो, ‘साहेब, मागच्यांना उगाच त्रास नको, तुम्ही सही करा.’ तिथे आडवं येतं ते फक्त आठवं कलम, एक लिफाफा आणि पोचपावती.