मेनिंजायटिसची लस : मात्रा आणि प्रतिकारशक्ती

मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांना जिवाणूंमुळे येणारी सूज म्हणजे जिवाणुजन्य मेनिंजायटिस. मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’) हे त्यामागचे मुख्य जिवाणू. तिघांच्याही अंगावर शर्करेच्या साखळ्यांचे कवच असते आणि बहुतेक लशी या कवचापासूनच बनतात.

नुसती शर्करा टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर तिला फारशी दाद देत नाही. मोठ्यांत प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) तयार होतात, पण स्मृतिपेशी, म्हणजे जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, मागे राहत नाहीत. उलट मेनिंगोकोकसच्या ‘सी’ प्रकाराची अशी लस दुसऱ्यांदा दिल्यावर प्रतिसाद पहिल्यापेक्षा कमी आल्याचे आढळले आहे. शर्करा प्रथिनाला जोडली की टी-पेशी (प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) मदतीला येतात आणि पुढचा डोस खऱ्या अर्थाने बूस्टर ठरतो. ही संयुग्मित लस.

जास्त औषध म्हणजे जास्त संरक्षण, हा समज इथे टिकत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक ही मेनिंगोकोकस ‘ए’वरची संयुग्मित लस २०१० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत मोठ्या प्रमाणावर दिली गेली, ती १ ते २९ वर्षे वयाला १० मायक्रोग्रॅम या मात्रेत. पुढे तान्ह्या बाळांसाठी ५ मायक्रोग्रॅमची कुपी आली. त्यांना निम्म्यातच पुरेशी प्रतिपिंडे मिळतात. हिबच्या बाबतीत रक्तात मिलिलिटरला ०.१५ मायक्रोग्रॅम प्रतिपिंडे तात्पुरत्या संरक्षणाला, तर १ मायक्रोग्रॅम दीर्घकाळासाठी पुरेशी मानतात.

मात्रेइतकेच अंतरही महत्त्वाचे. सरकारी वेळापत्रकात हिबचा अंश असलेली पेंटा (पाच आजारांवरची एकत्रित लस) दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीत. न्यूमोकोकसची संयुग्मित लस पीसीव्ही दीड व साडेतीन महिन्यांना उजव्या मांडीत, बूस्टर नऊ महिन्यांना. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याची कुटुंबे छाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येतात आणि कार्डावरचा ‘अडीच महिने’ हा रकाना कोरा राहतो. अशा वेळी ‘आता पहिल्यापासून घ्यायचं का?’ हा प्रश्न हमखास येतो. गरज नसते. पहिल्या डोसच्या स्मृतिपेशी टिकून असतात, म्हणून राहिलेल्या डोसपासून पुढे जायचे, फक्त दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. मधल्या काळात बाळ अर्धवट संरक्षित असते, हे मात्र खरे.

प्रौढांना एकच डोस पुरतो. हजला निघणाऱ्या यात्रेकरूंना चार प्रकारच्या मेनिंगोकोकसवरची लस सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा अवधी लागतोच. तिचे प्रमाणपत्र संयुग्मित लशीसाठी पाच वर्षे चालते, नुसत्या शर्करेच्या लशीसाठी तीनच. डोस दोन्हींचा अर्धा मिलिलिटरच.