केना, रद्दी आणि एक क्रमांक

वडोदऱ्याहून पावागड सुमारे ५० किलोमीटर. तिथल्या वनस्पतींचे नमुने वाळवून त्यांची नोंद करायची तर डोंगराची एक फेरी पुरत नाही. बरीचशी गवते भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येतात, पळस फुलतो तो पाने झडल्यावर. पान आणि फूल दोन्ही हवे म्हणून त्याच झाडापाशी पुन्हा जावे लागते.

बांधाकडेचा केना घ्या. किरकोळ तण, पण नवख्याची फजिती हमखास करते. दोन पाकळ्या ठळक निळ्या, तिसरी लहान. सकाळी उमलतात, दुपारपर्यंत त्यांचा लगदा होतो. म्हणून फूल जागच्या जागी पातळ कागदात दाबायचे, रंग लगेच वहीत लिहायचा. फुलाभोवतीचे हिरवे आवरण तळाशी जुळून नरसाळ्यासारखे झालेय का, पानाच्या बुडाशी तांबूस केस आहेत का, हे भिंगातून पाहायचे. दोन्ही दिसले तर तो बहुधा कॉमेलिना बेंगालेन्सिस. तो उपटू नये, खुरप्याने खणावा. या जातीला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात आणि त्यांत बी धरते. उपटला की नेमकी तीच मातीत राहतात.

पुढचे काम रद्दीचे, तिच्या घड्यांत झाड दाबून वाळवायचे. गुळगुळीत कागद ओल शोषत नाही, तो नको. झाडाचे एक पान उलटे ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. श्रावणातल्या दमट हवेत कागद रोज बदलला नाही तर दोन-तीन दिवसांत काळे डाग पडतात, बुरशीच ती. थोरासारखी रसाळ झाडे आधी उकळत्या पाण्यात बुडवतात, नाहीतर दाबाखालीही ती जिवंत राहतात आणि पाने गळतात.

वाळलेला नमुना साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटतो. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, उंची, माती, चिकाचा रंग. म्हणजे वाळल्यावर जे कळणार नाही ते सगळे. ही चिठ्ठी नसेल तर तो नमुना निव्वळ पाचोळा, असे आमचे स्पष्ट मत. संग्राहक, म्हणजे नमुने गोळा करणारा, आपल्या नमुन्यांना देतो तो क्रमांक १ पासून सुरू होतो आणि आयुष्यभर पुढेच जातो. नवा डोंगर, नवी नोकरी, तरी पुन्हा १ नाही. एकाच झुडपाचे दोन-तीन नमुने मात्र एकाच क्रमांकाखाली ठेवतात. एक वडोदऱ्यात विद्यापीठाच्या संग्रहात, दुसरा पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे. एकाला कीड लागली तरी दुसरा शिल्लक राहतो.