सायक्लोट्रॉन की स्पिन? नुसत्या उतारावर विसंबू नका

समजा, मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाचा एकच थर आहे, जाडी जेमतेम 0.65 नॅनोमीटर. तो द्रवरूप हेलियमने थंड केला, थराला लंब चुंबकीय क्षेत्र लावले आणि त्यातून टेराहर्ट्झ लहरी सोडल्या. वर्णपटात शोषणाची एक रेषा दिसली. क्षेत्र वाढवले तसतशी ती वरच्या वारंवारतेकडे सरकत गेली. ही रेषा नेमकी कशाची?

दोन दावेदार आहेत. सायक्लोट्रॉन अनुनादात इलेक्ट्रॉन क्षेत्राभोवती गोल फिरतो आणि त्याच्या फेऱ्यांच्या वारंवारतेला जुळणारी लहर शोषतो. ड्रेसेलहाउस, किप आणि किटेल यांनी 1953 मध्ये बर्कलीत जर्मेनियममध्ये तो पाहिला. स्पिन अनुनादात इलेक्ट्रॉन कुठे जात-येत नाही, त्याच्या स्पिनची, म्हणजे अंगभूत इवल्या चुंबकाची, दिशा तेवढी उलटते. तो झावोइस्कींनी 1944 मध्ये कझानला शोधला.

गोंधळाचे मूळ आकड्यांतच आहे. मोकळ्या इलेक्ट्रॉनसाठी दोन्ही वारंवारता दर टेस्लाला जवळपास 28 गिगाहर्ट्झच येतात. अर्धवाहकात त्या वेगळ्या होतात, पण म्हणून प्रश्न सुटतो असे नाही. प्रभावी वस्तुमान (पदार्थाच्या आत इलेक्ट्रॉन जितका जड असल्यासारखा वागतो ते) मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या निम्मे धरले तर सायक्लोट्रॉनची रेषा दर टेस्लाला 56 गिगाहर्ट्झ सरकते. स्पिनचा जी-गुणक, म्हणजे क्षेत्राला स्पिन किती जोराने प्रतिसाद देतो तो आकडा, 2 ऐवजी 4 निघाला, तर स्पिनची रेषाही 56 नेच सरकते! म्हणून एकट्या उतारावरून, म्हणजे दर टेस्लाला रेषा किती सरकते एवढ्यावरून, वस्तुमान जाहीर करायची घाई मला धोक्याची वाटते.

क्षेत्र तिरके करून बघा, असा सल्ला हमखास मिळतो. गॅलियम आर्सेनाइडच्या द्विमितीय थरात तो चालतो: सायक्लोट्रॉनला क्षेत्राचा फक्त लंब घटक कळतो, स्पिनला बहुतांशी संपूर्ण क्षेत्र. पण टंगस्टन डायसेलेनाइडसारख्या थरात स्पिन-कक्षा युग्मनामुळे (स्पिन आणि इलेक्ट्रॉनची गती एकमेकांशी बांधली गेल्यामुळे) स्पिन लंब दिशेलाच जखडलेला असतो. तिथे स्पिनची रेषाही लंब घटकामागेच जाते आणि कसोटी निकामी ठरते.

रेषेची रुंदी जास्त बोलकी. वरच्या उताराने 1 टेराहर्ट्झची रेषा सुमारे 18 टेस्लावर येते. इलेक्ट्रॉनची चलनक्षमता (विद्युत क्षेत्रात तो किती सहज सरकतो ते) 1000 सेंमी²/व्होल्ट-सेकंद असेल, तर सायक्लोट्रॉनची रेषा अर्ध्या उंचीवर दोन्ही बाजूंना 10-10 टेस्ला पसरते. म्हणजे ती रेषा कसली, उतरता डोंगरच! या पदार्थांत सायक्लोट्रॉन अनुनाद पकडणे अवघड जाते ते याचमुळे. चलनक्षमता इतकी कमी असूनही रेषा अरुंद दिसली, तर ती सायक्लोट्रॉनची नसावी अशी शंका घ्यायलाच हवी.

मात्र माझा भर रेषेच्या ताकदीवर, म्हणजे शोषण किती होते त्यावर आहे. सायक्लोट्रॉन गतीला लहरीचे विद्युत क्षेत्र ढकलते; स्पिनला एरवी तिचे चुंबकीय क्षेत्र, आणि ती पकड फार दुबळी. एका थरातल्या मोजक्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन साध्या पारगमनात (थरातून पार गेलेली लहर मोजताना) सहसा दिसतच नाहीत. गेटचे (थराजवळच्या नियंत्रक इलेक्ट्रोडचे) व्होल्टेज बदलून इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवा: वारंवारतेच्या वर्णपटात सायक्लोट्रॉनच्या रेषेखालचे क्षेत्रफळ संख्येच्या प्रमाणात वाढते आणि वस्तुमानाने भागले जाते. संख्या हॉल मापनातून (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवे उठणारे व्होल्टेज मोजून) वेगळी काढली, की क्षेत्रफळातून मिळालेले वस्तुमान उतारातून मिळालेल्याशी ताडून बघता येते.