आंतरयुद्धकालीन उच्चभ्रू समाजावरील ऐतिहासिक कादंबरी

१९१८ ते १९३९ या दोन महायुद्धांमधल्या काळातील धनिक व खानदानी वर्गाचे जीवन मागाहून रंगवणारा कादंबरीप्रकार. त्याच काळात लिहिल्या गेलेल्या उपरोधिक कादंबऱ्या यात धरत नाहीत. त्या लिहिणाऱ्यांना १९३९ ठाऊक नव्हते, आजच्या वाचकाला ते पहिल्या पानापासून ठाऊक असते. काळाचे अंतर किती असावे याचा पक्का नियम नाही. ऐतिहासिक कादंबरीला दिल्या जाणाऱ्या ब्रिटनमधील वॉल्टर स्कॉट पारितोषिकासाठी मात्र कथानकाचा बहुतांश भाग निदान ६० वर्षांपूर्वीचा लागतो.

या कादंबऱ्यांचे आवडते ठिकाण इंग्लंड, आणि हमखास येणारा प्रसंग म्हणजे लंडनचा ‘सीझन’, म्हणजे उच्चभ्रूंच्या मेजवान्या-नाचांचा वार्षिक हंगाम. वयात आलेल्या मुलीला बकिंगहॅम राजवाड्यात राजा-राणीपुढे नेत. डोक्यावर शहामृगाची तीन पांढरी पिसे, मागे लोळणारा झग्याचा घोळ. तो सावरत गुडघ्यात वाकून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता बाजूला सरकायचे. नाव दरबाराचे, काम स्थळे जुळवण्याचे. ही प्रथा १९५८ पर्यंत चालली.

झगमगाटामागे हिशेब वेगळाच होता. १९१९ मध्ये सर्वांत मोठ्या इस्टेटींवरचा मृत्युकर (मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर) ४० टक्क्यांवर गेला. लंडनच्या पिकॅडिलीतले डेव्हनशर हाउस हे खानदानी निवासस्थान विकले गेले आणि १९२४ मध्ये पाडले गेले. पार्क लेनवरचे डॉर्चेस्टर हाउस १९२९ मध्ये जमीनदोस्त झाले. त्या जागी १९३१ मध्ये हॉटेल उघडले. मोत्यांच्या माळांवर पाने खर्ची घालणारे लेखक पुष्कळ आहेत. त्या माळा विकायला का निघाल्या हे सांगणारे थोडे, आणि वाचावेत ते हेच. स्वयंपाकघरातल्या माणसांना मोलकरणीच्या गणवेशापलीकडे आयुष्य देणारे त्याहूनही थोडे.

या जगाचा एक धागा मराठी घराण्यांपर्यंत येतो. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) आणि कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाई यांची मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकाराने काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. बर्नार बुते द मॉनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांना एकदा पाश्चात्त्य पोशाखात रंगवले, एकदा मराठा पेहरावात. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने थेट आधुनिक शैलीत सजवला. संयोगिताबाई १९३७ मध्ये ऐन तारुण्यात वारल्या. माणिकबागेतले बरेच सामान १९८० मध्ये मोंते कार्लोच्या लिलावात गेले आणि वास्तूत केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय आले.