लाकडाच्या लेथला रिव्हर्स कशाला?

लाकडाच्या लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या मशीनवर) रिव्हर्सचा, म्हणजे उलट फिरवायचा, स्विच दिसला की बरेच जण म्हणतात, हे मेटलवाल्यांचं काम, त्यांना आटे पाडायला लागतं, लाकडाला काय उपयोग. मला हे अजिबात पटत नाही. फक्त सँडिंगसाठी, म्हणजे पॉलिश पेपरने घासण्यासाठी, जरी रिव्हर्स वापरला तरी तो स्विच वसूल होतो.

लाकूड म्हणजे बारीक लांबट नळ्यांसारख्या पेशींचे, म्हणजे तंतूंचे, जुडगे. सागात अशी एक पेशी साधारण एक-दीड मिलिमीटर, पाइनमध्ये 3 च्या आसपास. पॉलिश पेपरचा प्रत्येक कण लाकडावर चर पाडत जातो, पण सगळे तंतू कापले जात नाहीत, काहींचं एक टोक लाकडात घट्ट असतं आणि मोकळं टोक रेट्याने झोपतं. पुढचा पेपरही त्याच दिशेने, मग तो तंतू झोपलेलाच राहतो आणि हाताला सगळं गुळगुळीत लागतं. पाण्याचं पॉलिश लावलं की तो पाणी पिऊन उभा राहतो आणि लाकूड परत खरखरीत. रिव्हर्समध्ये कण मोकळ्या टोकाकडून येतो, तंतू उचलला जातो आणि बुडाशी कापला जातो, दाढीला शेवटी उलटा हात मारतो ना, तसं.

बाउलमध्ये तर खरी मजा. फळीतून कातलेल्या बाउलमध्ये तंतू सरळ एका दिशेने गेलेले आणि कड मात्र गोल, त्यामुळे फेऱ्याचे चार पाव धरले तर समोरासमोरच्या दोन पावांत हत्यार तंतूंच्या कलाने जातं आणि उरलेल्या दोन पावांत कलाविरुद्ध, तिथेच तंतू उपटून खरबरीत पट्टे पडतात. फिरण्याची दिशा बदलली की या पावांची अदलाबदल होते आणि जिथे पेपर नुसता घसरत होता तिथे तो कापायला लागतो.

पण म्हणून रिव्हर्स असला की मधले ग्रिट (पेपरच्या खरखरीतपणाचे नंबर, नंबर मोठा तसा पेपर बारीक) गाळता येतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 80 चे चर 120 नेच काढावे लागतात, 120 चे 180 ने, दिशा कुठलीही असो.

अजून एक फायदा, रिव्हर्समध्ये लाकडाचा वरचा भाग आपल्यापासून लांब जातो, म्हणजे पेपर वर धरला की धूळ तोंडावर न येता मागे उडते, सक्शनचं तोंड मागे असेल तर फारच छान. भांडं आतून पोखरताना हत्यार पलीकडच्या भिंतीवर चालवता येतं, आत काय चाललंय ते नीट दिसतं.

पण चक, म्हणजे लाकूड पकडणारा जबडा, स्पिंडलवर (मशीनच्या फिरत्या दांड्यावर) आट्यांनी बसतो आणि ते आटे उजवे असतात. सरळ फिरताना कापण्याचा जोर चक घट्ट करतो, उलट फिरताना तोच जोर तो सैल करतो आणि जड बाउल चकसकट सुटून अंगावर येऊ शकतो. सरळ फिरणारं मशीन झटकन ब्रेक लावून थांबवलं तरी हेच होतं, स्पिंडल थांबतो आणि चक स्वतःच्या वेगाने पुढे फिरत सुटतो. म्हणून चकचा ग्रब स्क्रू (चक स्पिंडलवर जखडणारा छोटा स्क्रू) आवळायचा, नसेल तर रिव्हर्स वापरायचाच नाही, आणि दिशा बदलायच्या आधी लेथ पूर्ण थांबू द्यायचं, मग कमी स्पीडवर सुरू करायचं.